पिशव्यांची पिशवी कुठे ठेवणार?

नव्या फ्लॅटचं फर्निचर करायचं ठरलं की सर्वांत आधी घरात येतो तो 'थ्रीडी'. इंटिरियर डिझायनर लॅपटॉप उघडतो आणि तुमचाच हॉल तुम्हाला ओळखू येणार नाही असा करून दाखवतो. त्यात सोफा राखाडी असतो, सोफ्यावर पाच उशा असतात, सेंटर टेबलावर काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं असतात आणि खिडकीबाहेर कुठल्याशा परदेशी शहरातल्या उंच इमारती दिसतात. प्रत्यक्षात त्या खिडकीतून 'बी' विंगच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले टॉवेल दिसतात हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या क्षणी कोणी तसं बोलत नाही. थ्रीडीतल्या टीव्हीला वायर नसते, भिंतीला स्विचबोर्ड नसतो, दाराशी चपला नसतात. त्या घरात माणूसच राहत नाही, म्हणून ते इतकं आवरलेलं असतं.

हिरव्या सफरचंदांचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही. आपल्याकडे हॉलमध्ये फळं ठेवायची पद्धत नाही. ठेवलीच तर केळी, आणि तीही सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी.

असो. या चित्राला होकार देण्याआधी डिझायनरला एकच प्रश्न विचारावा असं माझं मत आहे. पिशव्यांची पिशवी कुठे ठेवणार?

प्रत्येक मराठी घरात एक पिशवी असते, जिच्यात फक्त पिशव्या असतात. वाण्याच्या, साडीच्या दुकानाच्या, दोऱ्या असलेल्या जाड कागदाच्या, लग्नात नारळ घालून मिळालेल्या वधूवरांच्या नावाच्या. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा ही पिशवी आता रिकामी होईल असं काही भाबड्या लोकांना वाटलं होतं. झालं उलटंच. कापडी पिशव्यांची भर पडली, आणि जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या आता मिळत नाहीत म्हणून त्या अधिकच जपल्या जाऊ लागल्या. ही पिशवी सिंकखाली, फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत किंवा स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला वस्तीला असते. लाखांच्या हिशेबात झालेल्या मॉड्युलर किचनमध्ये तिच्या नावचा कप्पा नसतो. डिझायनर या प्रश्नावर गडबडला तर समजावं, त्याने घर तुमच्यासाठी आखलेलं नाही, सफरचंदांसाठी आखलं आहे.

पिशवीमागोमाग बाकीची मंडळी येतात. झाडू, जो लक्ष्मी म्हणून उभा ठेवायचा नाही आणि आडवा ठेवायला जागा नाही. पाहुण्यांच्या गाद्या. ओल्या छत्र्या. हेल्मेट. गॅसचा भरलेला दुसरा सिलिंडर. तांदळाचा कट्टा. लोणच्याची बरणी, जिला घरात फक्त एकाच व्यक्तीने हात लावायचा असतो. गणपतीचा चौरंग आणि मखराचा सांगाडा. टीव्हीचं रिकामं खोकं, जे वॉरंटी संपून टीव्ही भंगारात गेला तरी माळ्यावर शाबूत असतं. जुनं घर सोडण्याआधी एक वही आणि टेप घेऊन घरभर हिंडावं, आणि ज्या ज्या वस्तूला स्वतःची अशी जागा नाही ती मापासकट लिहून काढावी. ही यादी डिझायनरच्या हाती द्यावी. सोफ्याचा रंग वगैरे त्यानंतर. या कामाला एक रविवार जातो आणि त्यात एक भांडण होतं, पण दोन्ही स्वस्तच पडतात.

यादीत सर्वांत अवघड जमात कपड्यांची. धुतलेले कपडे कपाटात जातात, मळलेले बादलीत. पण एकदा घातलेला आणि अजून दोनदा चालेल असा शर्ट, भाजी आणायला जाताना चढवायचा कुडता, ऑफिसमधून आल्यावर उतरवलेली पँट यांचं काय? कपाटात ठेवले तर धुतलेले बाटतात, बादलीत टाकले तर जीव हळहळतो. म्हणून प्रत्येक बेडरूममध्ये एक खुर्ची असते, जिच्यावर आजवर कोणीही बसलेलं नाही. ज्यांनी व्यायामाची सायकल घेतली आहे त्यांच्याकडे हे काम सायकल करते.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न सुटलेला होता. भिंतीतच लाकडी खुंट्या बसवलेल्या असत. एकीवर सदरा, एकीवर पंचा, एकीवर टोपी. शेजारी कोनाडा, पलीकडे भिंतीच्या जाडीतलंच फडताळ. तेव्हा भिंती तेवढ्या जाड होत्या. आता कोनाडा खणायला घेतला तर तो शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये उघडेल. खुंटीला मात्र जाडी लागत नाही. दाराच्या मागे, माणशी दोन अशा हिशेबाने, दणकट हुक मारून घ्यावेत. थ्रीडीत दाराची मागची बाजू दिसत नाही, त्यामुळे डिझायनरचीही हरकत नसते.

आता मुळात जागा किती आहे ते पाहू. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर फ्लॅटचा कार्पेट एरिया कागदावर स्पष्ट लिहावा लागतो, हे उत्तमच झालं. त्याआधीच्या 'सुपर बिल्टअप'मध्ये जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा आपल्या स्क्वेअर फुटांत मोजली जाई. पण कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींखालची जागाही कार्पेट एरियात धरलेली आहे. म्हणजे जिथे कार्पेट सोडा, पायपुसणंही अंथरता येणार नाही अशी काही जागा आपण रीतसर विकत घेतलेली असते. फर्निचरची मापं म्हणून ब्रोशरवरून काढू नयेत. प्लॅस्टर आणि टाइल्स झाल्यावर, जमिनीपाशी एकदा आणि कंबरेच्या उंचीला एकदा, अशी भिंत दोनदा मोजावी. दोन्ही मापं सारखी आली तर बिल्डरचा सत्कार करावा.

कमी जागेत राहायची विद्या शिकायची असेल तर परदेशी मासिकं चाळण्यापेक्षा मुंबईच्या बीडीडी चाळींकडे पाहावं. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला त्या बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. एवढ्या खोलीत कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली. कॉट विटांवर चढवून उंच केलेली. तिच्याखाली ट्रंका आणि ट्रंकांच्या पुढे उरलेल्या जागेत दहावीचा अभ्यास. मोरीवर माळा. छताखाली भिंतीच्या कडेकडेने फळी, तिच्यावर घासलेल्या डब्यांची रांग. एकच जागा सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिकवणीचा वर्ग आणि रात्री तिघांचं अंथरूण. डिझायनर मंडळी ज्याला 'मल्टिफंक्शनल स्पेस' म्हणून फी लावतात ते त्या खोल्यांतल्या बायकांनी विटा आणि साडीच्या पडद्यावर करून दाखवलं होतं. आता पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. १६० फुटांत जे मावलं ते ५०० मध्ये मावेनासं होणार आहे, कारण नव्या घरात पहिली खरेदी सोफ्याची असते.

सोफा घेण्याआधी तो वर्तमानपत्रांचा करून पाहावा. दुकानातून लांबी-रुंदी लिहून आणायची, तेवढी वर्तमानपत्रं हॉलमध्ये जमिनीवर अंथरायची, चिकटपट्टीने चिकटवायची आणि आठवडाभर त्यांना वळसा घालून चालायचं. सेंटर टेबलाचंही तसंच. सोफा आणि टेबल यांच्यात दीड फूट हवा, येण्याजाण्याच्या वाटेला किमान अडीच ते तीन. आठवडाभरात घरातल्या माणसांनी कागदावर पाय दिला नाही, तर सोफा मावतो. कागद दुसऱ्याच दिवशी फाटला, तर दिवाण घ्यावा. दिवाण हा तसाही गुणी प्राणी आहे. वर बसता येतं, रात्री झोपता येतं, आत गाद्या मावतात. एवढंच, की त्याच्या पोटात वर्षातून एकदा लागणाऱ्याच वस्तू ठेवाव्यात. नाहीतर आत काय हवंय हे नेमकं तेव्हाच आठवतं जेव्हा वर कोणीतरी वामकुक्षी घेत असतं.

'एल' आकाराचा सोफा हल्ली सगळ्यांना हवा असतो. त्याच्या कोपऱ्यात कोणीही बसत नाही, कारण तिथे बसलं की गुडघे शेजारच्याच्या गुडघ्यांना लागतात. त्या कोपऱ्याचे पैसे आपण उशांसाठी भरतो. पाहुणा तर सोफ्यावर बसतच नाही. तो दाराजवळच्या एकट्या खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि "नाही, निघायचंच आहे" असं म्हणत पावणेदोन तास काढतो. म्हणून ती खुर्ची चांगली घ्यावी. आणखी एक. शोरूममध्ये सोफ्यावर दहा मिनिटं बसून मग हात न टेकता उठून पाहावं. सोफा खोल आणि बुटका असेल तर तरुणांनाही जोर करावा लागतो. घरात सत्तरीचे वडील असतील तर बैठक सतरा-अठरा इंच उंच, जरा घट्ट आणि बाजूला हात असलेली हवी. नाहीतर त्यांना दर वेळी दोघांनी मिळून सोफ्यातून उपसून काढावं लागतं, आणि ते बसायचंच सोडून देतात.

सोफा पसंत पडला की लिफ्ट मोजावी. दुकानदार "सगळ्यांच्या घरी जातो" असं म्हणतो, पण कसा जातो ते सांगत नाही. १९५६ साली स्वीडनच्या आयकिया कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन या डिझायनरचं टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्याने टेबलाचे पाय काढले. सुट्या भागांचं फर्निचर खोक्यात घालून विकायची त्या कंपनीची चाल तिथून सुरू झाली. आपल्याकडे सोफा लिफ्टमध्ये मावला नाही की पाय काढायचं सुचायच्या आत जिन्यात आठ जण जमतात आणि एकदम बोलायला लागतात. "तिरका घ्या", "उभा करा", "वरच्याने सोडू नका". यातले चार जण सोफ्याला हातही लावत नाहीत. जिन्याच्या वळणावर नवा रंग खरवडला गेल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींची जी नोटीस लागते, तिच्यात आपलं नाव नसतं पण फ्लॅट नंबर असतो.

हॉल आखताना भाद्रपदाची परीक्षा घ्यावी. गणपती कुठे बसणार? गौरी उभ्याच्या असतील तर त्या कुठे उभ्या राहणार? आरतीला वीस माणसं कुठे? त्या भिंतीला प्लग आहे का, की यंदाही तोरणाची वायर देवघरापासून कार्पेटखालून येणार? दोन माणसांना अर्ध्या तासात हॉलची एक बाजू मोकळी करता आली पाहिजे. जे फर्निचर भिंतीला ठोकून पक्कं केलं ते बाप्पासाठीही हलत नाही, आणि मग मूर्ती टीव्ही युनिटवर बसते, टीव्हीच्या पुढ्यात. दहा दिवस कोणाला क्रिकेट दिसत नाही. श्रद्धा टिकते, पण तिच्यावर ताण येतो.

घरात गोदरेजचं कपाट असेल तर डिझायनरशी पहिली चकमक त्यावरून होते. गोदरेजने लोखंडी कपाटं बनवायला १९२३ साली सुरुवात केली, आणि त्यानंतर मराठी मध्यमवर्गात लग्न म्हणजे मंगळसूत्र, वरात आणि हे कपाट असं समीकरण झालं. थ्रीडीत ते कधीच नसतं. डिझायनर "हे तर आपण देऊन टाकणार ना?" असं हसत विचारतो, आणि आई त्याच्याकडे अशी पाहते की तो पुढची मीटिंग फोनवर घेतो. माझं मत आईच्या बाजूने. त्याला वाळवी लागत नाही, लॉकर आहे, आरसा आहे, आणि दार ओढताना होणाऱ्या आवाजाने घरभर कळतं की कोणीतरी पैसे काढतंय. गंज घासून, नव्या घराच्या रंगातला ड्युको मारून घ्यावा. वॉर्डरोबच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असतो. जागा मात्र आधी ठरवून ठेवावी, कारण एकदा ठेवल्यावर ते हलत नाही. हलवलंच तर टाइल सांगते.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त पैसा इथे जातो आणि सर्वांत जास्त पश्चात्तापही इथेच होतो.

मॉड्युलर किचनची आजी म्हणजे 'फ्रँकफुर्ट किचन'. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी ते आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिमुकलं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. घड्याळ लावून, बाई किती पावलं चालते हे मोजून त्यांनी १.९ बाय ३.४ मीटरची जागा बसवली. डाळ-साखर-तांदळासाठी हातात धरून ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे खण. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यात अळ्या होत नाहीत अशी समजूत. आपल्याकडे यासाठी कडुनिंबाचा पाला असतो. फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. आणि गंमत म्हणजे हे किचन आखेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, असं या बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. किचन-डिझायनरांची ही परंपरा तेव्हापासून अखंड आहे. फरक इतकाच की त्यांनी निदान पावलं मोजली होती.

आपण काय मोजावं? पहिली परात. पंधरा माणसांच्या पोळ्यांची कणीक मळायची परात कुठल्याही ट्रॉलीत बसत नाही. मग ती सिलिंडरच्या मागे उभी राहते आणि मध्यरात्री आपोआप घसरते. दुसरा कुकर, झाकण आणि शिट्टीसकट. तिसरा सर्वांत उंच डबा. ही तीन मापं घेऊन ट्रॉलीवाल्याकडे जावं. तो 'कटलरी ट्रॉली, कप-सॉसर ट्रॉली, प्लेन ट्रॉली' असा पाढा म्हणेल. कटलरी ट्रॉलीत तो काटे-चमचे दाखवतो. आपल्याला तिथे सांडशी, किसणी, झारा, रवी आणि पुरणयंत्राच्या चकत्या ठेवायच्या असतात. तळाची ट्रॉली खोल आणि जाड पत्र्याची मागावी. कप-सॉसर ट्रॉलीला सरळ नकार द्यावा. बशीत चहा ओतून पिणारी पिढी आता फार उरली नाही, आणि जी आहे ती स्टीलच्या बशीत ओतते.

ओट्याची उंची कोण ठरवतं हे एक गूढ आहे. बहुधा ती ग्रॅनाइट बसवणारा ठरवतो, त्याच्या सोयीने. हिशेब सोपा आहे. स्वयंपाक करणारं माणूस सरळ उभं राहील, कोपर दुमडेल, आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा. साधारण ३२ ते ३४ इंच येतो. पण पोळी लाटायला खांद्याचा जोर लागतो, तिथे आणखी दोन इंच खाली बरं. आणि शेगडी ओट्यावर ठेवली की तिची उंची वर चढते, मग मोठ्या पातेल्यात आमटी उकळतेय की नाही हे पाहायला टाचा उंचावतात. खरा पेच पुढेच आहे: सासूबाई पाच फूट, सून पाच फूट सहा इंच आणि मुलगा, जो "मीही करतो की स्वयंपाक" म्हणतो, पाच अकरा. मुलाचं माप घेऊ नये. तो चहा करतो.

पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याबद्दल एकच शब्द: हळद. थ्रीडीतल्या पांढऱ्याशुभ्र ओट्यावर कोणी फोडणी देत नाही. आपल्याकडे दिवसातून दोनदा देतात. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे खरं, म्हणून डाग पडलेला टॉवेल गच्चीत वाळत घालता येतो. ओटा गच्चीत नेता येत नाही. काळ्या ग्रॅनाइटची लोक टिंगल करतात, पण त्याने पन्नास प्रकारचे सांडलेले पदार्थ पोटात घातले आहेत. उघड्या फळ्यांचंही तसंच. त्यांच्यावर मांडलेल्या देखण्या बरण्यांवर फोडणीचा चिकटा बसतो, चिकट्यावर धूळ बसते, आणि दिवाळीच्या आधी ते सगळं खरवडणारी व्यक्ती ही फळी मागणारी व्यक्ती नसते. मिक्सर कपाटात लपवायची योजना असेल तर सोडून द्या. रोज लागणारी वस्तू ओट्यावरच राहते. तिला तिथे प्लगशेजारी मानाने जागा द्यावी. फ्रिजच्या बाजूला 'कालनिर्णय'साठी एक खिळा मारून घ्यावा. १९७३ पासून दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि बाईंचे खाडे ज्या पानावर लिहिले जातात, त्याला 'थीममध्ये बसत नाही' म्हणून घराबाहेर काढणं शक्य नाही. ते दाराआड जाईल फार तर.

विजेचं काम सगळ्यात आधी ठरतं आणि त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. पूर्वी घरातली माणसं चुलीभोवती जमत, तशी आता ती प्लगभोवती जमतात. कितीही महागडा सोफा असो, ज्याच्या मोबाइलची बॅटरी दहा टक्क्यांवर आली तो भिंतीशी जमिनीवर बसलेला दिसेल. पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग हवा. एकाच बाजूला असला तर संसारात रोज रात्री वाटाघाटी होतात. सोफ्याच्या हातापाशी एक, देवघरात एक, वॉशिंग मशीनला स्वतंत्र. वायरिंगसाठी भिंत फोडण्याआधी खडूने भिंतीवर पलंगाची, टेबलाची, फ्रिजची उंची काढावी, मग इलेक्ट्रिशियनला बोलवावं. नाहीतर तीन स्विच कायमचे कपाटाच्या मागे जातात, आणि त्यातला एक गीझरचा निघतो.

उजेडावरून पिढ्यांचं भांडण आहे. तरुणांना ३००० केल्विनचा पिवळसर उजेड हवा, वडिलांना ६५०० चा पांढराफेक. "हॉटेलात बसल्यासारखं वाटतं" हे दोघांचंही वाक्य. मुलगा कौतुकाने म्हणतो, वडील तक्रारीने. पेपर वाचायचा असेल तर वडील बरोबर आहेत. दोन्ही लावावेत, पण वेगवेगळ्या बटणांवर. ओट्यावर वरच्या कपाटाखाली एक पट्टीदिवा लावला तर भाजी चिरताना आपलीच सावली सुरीवर पडत नाही. सगळ्या रोषणाईत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी दिवा. आणि 'झीरो'चा जुना बल्ब कुठे शिल्लक असेल तर बदलून टाकावा. नावाप्रमाणे तो काहीच वीज खात नाही अशी दोन पिढ्यांची श्रद्धा होती. प्रत्यक्षात तो दहा-पंधरा वॅट गिळतो. तेवढ्यात आजचा एलईडी अख्खी खोली उजळतो.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. साडेनऊ फुटांच्या छतातून सहा ते नऊ इंच कापून त्यात चांदणी, लाट किंवा उलटा केक कोरतात. पंखा खाली येतो, कॉटवर उभं राहून गादीची खोळ घालणाऱ्याने जपून राहावं. कडेच्या खाचेत दिवे लपवलेले असतात आणि दिव्यांसोबत एक पाल. उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी ती येते, तिचं सगळं बस्तान आपल्या खर्चाने बसतं. हात पोचत नाही तिथे नक्षी करू नये. वायरी लपवण्यापुरती भिंतीकडेने एक पट्टी पुरते.

भिंतींवर काय लावावं हे ज्याचं त्याने पाहावं, पण एक निरीक्षण नोंदवतो. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत जेवढे बुद्ध आहेत तेवढे विहारांतही नसतील. बहुतेक शू-रॅकवर ध्यानस्थ. वारली चित्रांचंही असंच झालं आहे. तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, लग्नात सवाष्णींनी काढायचं ते चित्र. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणि जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता तेच चित्र प्लॅस्टिकच्या स्टिकरवर छापून टीव्हीच्या मागे चिकटवतात आणि तारपा वाजवणाऱ्याच्या पायातून सेट टॉप बॉक्सची वायर जाते. लावायचंच तर डहाणू-पालघरकडच्या चित्रकाराकडून एक खरं, छोटं, कागदावरचं घ्यावं आणि वायर नसलेल्या भिंतीवर लावावं. फोटोंची फ्रेम डोळ्यांच्या उंचीला हवी. आपल्याकडे फोटो छताखाली टांगतात, कारण वर खिळा आधीच असतो.

शेवटी सगळं येऊन ठेपतं सुतारापाशी. त्याची मापं इंचात आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. तो "दो सूत का फरक है साब, बैठ जाएगा" असं म्हणाला तर फळी बसते. वेळेच्या बाबतीत "हो जाएगा" म्हणाला तर महिना जातो. प्लायवूड आठ बाय चारच्या शीटमध्ये येतं. स्वयंपाकघर आणि मोरीशेजारी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन, कोरड्या जागी आयएस ३०३ चं चालतं. शिक्का शीटवर असतो, बिलावर नाही, म्हणून माल उतरताना स्वतः उभं राहून वाचावा. कापलेली कड पाहावी. थरांमध्ये पोकळी दिसली की शीट परत. सनमाइका निवडताना चार बाय चार इंचांच्या तुकड्यावरून ठरवू नये. तुकड्यावर साजरा दिसणारा गडद अक्रोडी रंग सात फुटी वॉर्डरोबवर चढला की खोलीत संध्याकाळ चार वाजताच होते. मोठं शीट दुकानाबाहेर उन्हात आणून पाहावं. दुकानदार कुरकुरतो, आणतो.

आणि मिस्त्री जाण्याआधी, उरलेले तुकडे "असू दे, कधीतरी उपयोगी पडतील" म्हणून ड्राय बाल्कनीत रचायच्या आत, त्याला एक स्टूल करायला सांगावं. सव्वा फूट उंच, वर मध्ये हात घालायला एक खाच, पायांना खाली रबर. ना ड्रॉइंग लागतं, ना थ्रीडी. तो अर्ध्या तासात करून देतो. माळ्यावरचं मखर काढायला, बल्ब बदलायला, लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचायला, आजीला पाय टेकवायला आणि जास्तीच्या पाहुण्याला बसायला सगळ्यांना तेच लागतं, आणि पहिल्या महिन्यातच "स्टूल कोणी नेलं?" ही घरातली सर्वांत जास्त दिली जाणारी हाक होते. फक्त त्याला सनमाइका कुठला लावायचा हे घरात कोणाला विचारू नका. तेवढ्यासाठी मिस्त्रीचा मुक्काम आणखी आठवडाभर वाढेल.